बेल्ट खाणारी अ‍ॅम्बॅसडर

खंबाटकीत बेल्ट तुटला. पुण्याहून साताऱ्याकडे येत होतो, घाट अर्धा चढून झाला होता. बॉनेटखाली कुणीतरी चाबूक ओढल्यासारखा एक आवाज आला, डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला आणि शेजारी बसलेले बाबा म्हणाले, "बाजूला घे. पाणी उकळायच्या आत घे."

आमच्या गाडीला बेल्ट एकच. त्याच्यावरच आल्टरनेटर, त्याच्यावरच पाण्याचा पंप, आणि पंपाच्याच पुलीवर पंखा. तो गेला की चार्जिंग बंद आणि पाणी फिरायचंही बंद. चढाला तर इंजिन बघता बघता तापतं.

डिकीत नवा बेल्ट होता. बाबांच्या डिकीत तो गेली पस्तीस वर्षं असतोच. इंची पान्यांची पिशवीही होती, कारण अ‍ॅम्बॅसडरला मिलिमीटरचे पाने लावले की नटांच्या कडा झिजतात आणि मग तोंडातून शिव्या येतात. मी आल्टरनेटरचे बोल्ट सैल केले, पंख्याच्या एकेका पात्यावरून नवा बेल्ट आत सरकवला. मागे थांबलेल्या ट्रकचा क्लीनर उतरून आला आणि आल्टरनेटर टॉमीने, म्हणजे लोखंडी पहारीने, ताणून धरला. "मॅडम, हे काम येतंय तुम्हाला?" असं त्याने विचारलं. चौदा महिन्यांत तिसरा बेल्ट होता, आता न येऊन कुणाला सांगते!

तुटलेला बेल्ट मी फेकला नाही. घरी आणून अंगणातल्या उजेडात धरला. व्ही-बेल्ट हा पुलीच्या खोबणीच्या तळावर बसत नाही, दोन्ही तिरक्या भिंतींवर बसतो आणि तिथेच पकडतो. म्हणून झिजला तर दोन्ही अंगांनी सारखा झिजायला हवा. याचं एक अंग मळकट, पण शाबूत होतं. दुसरं अंग काचेसारखं चकचकीत, आणि त्याच कडेला आतले धागे बाहेर येऊन दाढीसारखे लोंबत होते. बॉनेट उघडून पाहिलं तर आल्टरनेटरच्या ब्रॅकेटवर, बॅटरीच्या कडेवर, रेडिएटरच्या मागच्या अंगावर काळी बारीक भुकटी. बोटाला लागली की काजळ. तो बेल्टच होता. पाच महिने थोडा थोडा करून इंजिनभर पसरलेला.

गाडी १९८६ ची, मार्क फोर. बाबांनी नवी घेतलेली. उत्तरपाड्याला तयार झालेली ही गाडी मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, आणि तिचं १४८९ सीसीचं इंजिन बीएमसीच्या, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, बी-सिरीजमधलं. हेच इंजिन १९५० च्या दशकात एमजीए नावाच्या दोन सीटांच्या इंग्रजी स्पोर्ट्स कारमध्ये होतं, असं सांगितलं की माझे अकरावीचे विद्यार्थी खो-खो हसतात. हसू देत. त्या घराण्याच्या गाड्यांचे हौशी लोक जगभर आहेत, त्यामुळे इंजिनाचं मॅन्युअल स्क्रू-स्क्रूनिशी वाचायला मिळतं. मी भौतिकशास्त्र शिकवते, मेकॅनिक नाही. पण मोजता येतं.

गॅरेजचं म्हणणं काय होतं, तेही सांगायला हवं. पहिला बेल्ट गेला तेव्हा, "ताई, मालच तसा येतोय आता." दुसरा बेल्ट झिजला तेव्हा त्यांनी निदान गाडीकडे पाहिलं. "आल्टरनेटर लाइनमध्ये नव्हता, वॉशर टाकून लाइनमध्ये घेतलाय." हे पटण्यासारखं होतं, कारण आमचा आल्टरनेटर मूळचा नाही. डायनामो काढून नंतर बसवलेला, ब्रॅकेट दुसऱ्याच कुणीतरी बनवलेला. आणि आता तिसऱ्या वेळी त्यांनी फोनवर सांगितलं की पाण्याच्या पंपाची पुली आत गेलीय, पंप बदलावा लागेल. इंजिन स्लोला असताना पुढून खडखड येते ती टायमिंग चेनची, तीही करून टाकू. साडेसहा हजार.

साडेसहा हजारांचं दुःख नव्हतं. प्रत्येक वेळी नवा आरोपी निघत होता, त्याचं होतं.

रविवारी सकाळी मी केस घट्ट बांधले, ओढणी घरात ठेवली (पंख्याजवळ ओढणी म्हणजे मरणाला बोलावणं) आणि इंजिन स्लोला ठेवून बॉनेटखाली वाकले. बाबा व्हरांड्यात खुर्ची टाकून. त्यांचं वय ८१, गुडघे गेलेत, कान मात्र शाबूत. इंजिन बंद करून मी तिन्ही पुल्यांच्या कडेवर पांढऱ्या करेक्शन पेनने एकेक ठिपका दिला होता. तो एका ठिकाणी दिसतोय का पुढेमागे डोलतोय, एवढंच पाहायचं होतं. पंपाचा ठिपका फिरताना एक रेघ झाला. आल्टरनेटरचाही. खालच्या मोठ्या पुलीचा, म्हणजे क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुलीचा, ठिपका रेघ न होता जरा रुंद पट्टा झाला. फार नाही. मनाचे खेळ म्हणावेत इतकाच.

म्हणून रेडिएटर उतरवला. पाणी काढा, दोन होज, बाजूचे बोल्ट. त्यात सांगण्यासारखं काही नाही, एवढंच की होजच्या क्लिपा चाळीस वर्षांच्या असतील तर नव्या आधीच आणून ठेवा. पंखाही काढला. पंख्याचे चार बोल्ट पंपाची पुलीही धरतात, त्यामुळे पंखा काढून तेच बोल्ट वॉशर घालून परत लावावे लागतात, नाहीतर पुली हातात येते आणि आपण जे मोजायला बसलो तेच विस्कटतं.

आता मोजायचं कसं? पहिला विचार सगळ्यांना येतो तो सरळ पट्टी लावण्याचा. मी फरशीवाल्याची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आणली, पुल्यांच्या तोंडावर टेकवली, आणि लगेच लक्षात आलं की यातून काही कळत नाही. तिन्ही पुल्यांच्या कडा वेगवेगळ्या जाडीच्या. कडा एका रेषेत असून खोबणी नसू शकते आणि उलटही. बेल्टला कडेशी देणंघेणं नाही, त्याला खोबणीचा मध्य हवा. मग आईच्या शिवणाच्या डब्यातला क्रोशाचा जाड दोरा घेतला. ताणलेला दोरा व्ही-खोबणीत टाकला की घसरत घसरत तळाशी मधोमध जाऊन बसतो. बेल्ट जातो त्याच वाटेने दोरा तिन्ही पुल्यांवरून फिरवला, घट्ट गाठ मारली आणि डोळा दोऱ्याच्या पातळीत आणून एका बाजूने पाहिलं.

क्रँकपासून आल्टरनेटरपर्यंत दोरा सुतासारखा सरळ. तिथून पंपाकडे जाताना मागे, इंजिनाकडे वळलेला. पंपाकडून क्रँककडे येताना पुन्हा पुढे. म्हणजे दोन पुल्या एका रेषेत आणि पंप एकटा आत. व्हर्नियरने मोजलं, ४ मिलिमीटर. क्रँक आणि पंप यांच्या मध्यांमधलं अंतर २८ सेंटिमीटर भरलं. त्यावर ४ मिलिमीटर म्हणजे ०.८ अंश. व्ही-बेल्टला साधारण अर्ध्या अंशापर्यंत वाकडेपणा चालतो असं धरतात. इथे दीडपटीहून जास्त होता. हिशेबच केला. क्रँकच्या पुलीचा घेर ४१ सेंटिमीटर, बेल्ट सुमारे मीटरभर. क्रँक मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर बेल्ट मिनिटाला बाराशे वेळा घरी परत येतो. दर वेळी तिरका शिरतो आणि तेच एक अंग खोबणीच्या ओठावर घासून घेतो. यात बेल्टच्या मालाचा काय दोष?

थोडक्यात, गॅरेजचं बरोबर निघालं होतं. पंपच चुकीचा. मी बाबांना तसं म्हणालेही. पंपाची किंमत विचारायला फोन हातात घेतला होता.

"आल्टरनेटरला वॉशर किती आहेत?" बाबांनी खुर्चीतून विचारलं.

"दोन."

"माझ्या वेळी एकही नव्हता. वही बघ."

बाबांची गाडीची वही हा आमच्या घरातला एक विनोद आहे. ८६ सालापासून पेट्रोल, हवा, पंक्चर, सगळं त्यात. मी आजवर ती कौतुकाने पाहिली होती, पुरावा म्हणून कधी वाचली नव्हती. वॉशरची नोंद या जूनची. त्याआधी आल्टरनेटर बसवल्यापासून त्याला कुणी हात लावलेला नाही, आणि त्या काळात एकेक बेल्ट तीन-चार वर्षं चाललेला. मी दोन्ही वॉशर काढले. व्हर्नियरमध्ये धरले तर दोन मिलिमीटर आणि दोन मिलिमीटर.

पुन्हा दोरा. आता आल्टरनेटर आणि पंप एका रेषेत, आणि क्रँक ४ मिलिमीटर पुढे.

मी जमिनीवर बसलेच. तीन पुल्या म्हणजे एक त्रिकोण. एक कोपरा चुकला की त्याच्या दोन्ही बाजू वाकड्या होतात. मुळात क्रँकचा कोपरा चुकलेला होता. गॅरेजने आल्टरनेटर ओढून त्या चुकीच्या कोपऱ्याशी जुळवला. एक बाजू सरळ झाली, पण आल्टरनेटर आणि पंप यांच्यातली आधी सरळ होती ती वाकडी झाली. वाकड्या बाजू दोन होत्या, दोनच राहिल्या. म्हणून वॉशर टाकूनही बेल्ट तेवढाच टिकला. आणि वर पंप एकटा पडल्यामुळे चोर तोच दिसायला लागला. त्यांच्या डोक्यात क्रँकची पुली हे मूळ, बाकीच्यांनी तिच्याशी जुळवून घ्यायचं. साहजिक आहे. क्रँक कुठे हलतो?

वही पुन्हा उघडली. पहिला बेल्ट जानेवारीत गेलेला. त्याआधीच्या ऑगस्टमध्ये, बाबांच्या टोकदार अक्षरात: "टायमिंग कव्हर ऑइल सील नवे. गळती बंद." टायमिंग कव्हर म्हणजे इंजिनाच्या पुढचं झाकण, आणि सील म्हणजे क्रँक जिथे त्यातून बाहेर येतो तिथे तेल अडवणारी कडी. ते सील बदलायचं तर क्रँकची पुली उतरवावीच लागते. त्यानंतर ती परत बसवली, तेव्हा कुठे बसवली?

आणखी एक गोष्ट तेव्हा दिसली, जी कुठल्याही अवजाराशिवाय वर्षभर दिसू शकली असती. या इंजिनाच्या पुलीच्या कडेला एक खाच असते आणि टायमिंग कव्हरला खाली काटे असतात. खाच काट्यासमोर आणून इग्निशनचं टायमिंग लावतात. आमची खाच काट्यासमोर येत होती, पण काटा पुलीच्या कडेच्या बराच मागे राहिलेला. मी स्वतः मार्चमध्ये गाडीखाली झोपून टायमिंग पाहिलं होतं आणि हे अंतर पाहून "असेल तसंच" म्हणून उठले होते. शिक्षकांनी निरीक्षण शिकवायचं असतं म्हणतात.

पुली पुढे असण्याची दोन कारणं असू शकतात. एक, ती क्रँकवर नीट आत बसलेली नाही. दुसरं, ती नीट बसलीय पण आख्खा क्रँकच पुढे आलाय, कारण त्याला मागेपुढे सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर झिजलेत. दुसरं असेल तर इंजिन उतरवायची वेळ. रात्री झोप लागली नाही, हे प्रामाणिकपणे सांगते.

आमच्या कॉलेजातून बाहेर पडलेला एक मुलगा एमआयडीसीत टर्नर आहे. त्याने डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मापक, आणि मॅग्नेटचा स्टँड दिला. देताना "मॅडम, पाडू नका हां" असं दोनदा म्हणाला, मी त्याला प्रॅक्टिकलच्या वेळी म्हणायचे तसंच. मॅग्नेट ब्लॉकच्या बीडाला चिकटवला, गेजची सुई क्रँकच्या पुढच्या नटावर टेकवली. पुली टॉमीने हलकेच मागे रेटून गेज शून्यावर आणला. मग भाच्याला क्लच दाबायला सांगितलं. क्लच दाबला की क्रँक पुढे ढकलला जातो, म्हणजे त्याला जेवढं सरकायला मोकळीक आहे तेवढी गेजवर दिसते. काटा सरकला ०.०८ मिलिमीटर. मॅन्युअलमध्ये या इंजिनाला इंचाचे दोन ते तीन हजारांश दिलेत, म्हणजे ०.०५ ते ०.०७६ मिलिमीटर. चाळीस वर्षांच्या इंजिनाने यापेक्षा काय द्यायचं? क्रँक जागेवर होता. भाच्याला मी आइस्क्रीम कबूल केलं.

मग सुई पुलीच्या कडेच्या तोंडावर टेकवली, चारही प्लग काढले आणि पान्याने इंजिन हळूहळू एक फेरा फिरवलं. ०.६ मिलिमीटर. करेक्शन पेनचा रुंद पट्टा मनाचा खेळ नव्हता. पुली नुसती पुढे नव्हती, तिरकीही होती. नुसती पुढे असती तर कुणीतरी चुकीचा स्पेसर घातला असं म्हणता आलं असतं. तिरकी म्हणजे ती कशावर तरी अडली होती.

इथून पुढचं काम माझं नव्हतं. आमच्या आळीत एक मिस्त्री राहतात. साखर कारखान्याच्या गाड्यांवर आयुष्य गेलं, आता घरीच असतात. सगळे त्यांना मामा म्हणतात. मामा पुली ओढून काढायचा पुलर घेऊन आले, दोरा बघितला, गेज बघितला, वही बघितली आणि म्हणाले, "ताई, आता मला बोलावलं कशाला? एवढं केलंच हाय तर."

"नट सुटत नाही मामा."

"त्येवढंच काम ठेवलं व्हय माझ्याला."

पुलीच्या पुढे मोठा नट असतो, हँडल मारायच्या गाड्यांत हँडल अडकतं तो. त्याच्यामागे पत्र्याचा लॉक वॉशर, ज्याची कड नटावर दुमडायची असते. मामांनी टॉर्च लावून पाहिलं आणि माझा हात धरून दाखवलं. कड दुमडलेलीच नव्हती. गाडी टॉप गिअरला टाकली, हँडब्रेक ओढला, मोठा रिंग पाना नटावर आणि हातोड्याचे तीन ठोके. नट चांगला घट्ट होता. ज्यांनी बसवला त्यांनी जोर लावण्यात कसूर केली नव्हती. पुलरचे पाय अडकवून मधला स्क्रू फिरवला, आणि 'टक्' करून पुली एकदम सैल झाली.

मामांनी ती बाहेर काढली आणि क्रँकच्या टोकावर बोट ठेवलं. "ही बघा तुमची चोर."

क्रँकच्या टोकाला अर्धचंद्रासारखी एक खोबण असते, तिच्यात तशीच अर्धचंद्राकृती चावी बसते. वुड्रफ की म्हणतात. तिची वरची सपाट बाजू शाफ्टच्या वर डोकावते आणि पुलीच्या आतल्या खाचेत शिरते. क्रँक फिरला की पुली त्याच्याबरोबर फिरते ती या बोटाच्या पेराएवढ्या चावीमुळे. तिचा एक स्वभाव आहे. तळ गोल असल्यामुळे ती आपल्या खोबणीत होडीसारखी डुलू शकते. पुली पुढून आत ढकलताना ती चावीच्या पुढच्या टोकावर घासली, तर पुढचं टोक खाली जातं आणि मागचं वर येतं. आत कुठे दिसतं? माणूस ढकलत राहतो. पुलीची खाच त्या वर आलेल्या टोकाला अडते, आणि मग हातोडा येतो.

आमची चावी तशीच होती. मागचं टोक वर, पुढचं खाली, अर्धवट बुडालेल्या होडीसारखी. तिच्या मागच्या कोपऱ्याचा पोलाद चेपून चमकत होता, आणि पुलीच्या हबमध्ये, म्हणजे शाफ्टवर बसणाऱ्या मधल्या भागात, खाचेच्या छतावर त्याचा लांब ओरखडा. हबच्या तोंडावर हातोड्याचे दोन चंद्रकोरी वण. पुली इथे अडली, बसवणाऱ्याला वाटलं बसली, वरून नट आवळला. नट अगदी खरा घट्ट झाला, फक्त चुकीच्या जागी. एका बाजूला चावीची पाचर असल्यामुळे पुली ४ मिलिमीटर बाहेर आणि शिवाय कलती.

मला मात्र एक भीती अजून होती. क्रँकचं टोकच वाकलं नसेल ना? उघड्या टोकावर गेज लावून फेरा घेतला. काटा जेमतेम थरथरला, दोन शतांश मिलिमीटर. मामा म्हणाले, "क्रँक हाय तो. त्याला असला हातोडा काय करतोय!"

खडखडही उलगडली. या इंजिनात क्रँकवर आतून बाहेर अशी रांग असते. आधी चेनचं दातेरी चक्र, मग ऑइल थ्रोअर नावाची पातळ पत्र्याची बशी, मग पुलीचा हब. पुढचा नट हे सगळं एकत्र आवळून धरतो. हब आत पोचलाच नव्हता, म्हणजे बशी मोकळी. टायमिंग कव्हर उतरवलं तर बशीच्या दोन्ही अंगांना घासल्याचे चकचकीत गोल. स्लोला वाजत होती ती ही. चेन मामांनी दोन बोटांनी दाबून बघितली आणि कुलूपबंद पेटीकडे बघावं तसं तिच्याकडे बघून म्हणाले, "हिला हात लावायचा न्हाई."

पण खरी गंमत हबच्या बाहेरच्या अंगावर होती. ऑइल सीलचा ओठ हबवर घासत राहतो, त्यामुळे इतक्या वर्षांत तिथे नखाला लागेल अशी एक चर पडलेली होती. तिच्या शेजारी ४ मिलिमीटरवर दुसरी, नवी, नुसती चमकदार रेघ. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मला समजलं. गेल्या वर्षी तेल गळत होतं ते सील जुनं झालं म्हणून नाही, किंवा नुसतं तेवढ्यासाठी नाही. हबला चर पडली होती म्हणून. पुली चुकून ४ मिलिमीटर पुढे बसली, सीलच्या ओठाला कोरी गुळगुळीत जागा मिळाली, आणि गळती झटक्यात थांबली. बाबांनी वहीत लिहिलेलं "गळती बंद" खरंच होतं. गॅरेजवाल्यांनी गाडी दिली तेव्हा काम उत्तम झालंय असंच त्यांना वाटलं असणार, आणि मलाही वाटलं होतं. आधी मनात त्यांच्याविषयी जे जे आलं होतं त्यातलं निम्मं मी परत घेतलं. हातोडा आणि न दुमडलेला वॉशर मात्र नाही.

आता पुली बरोबर बसवली की सीलचा ओठ पुन्हा जुन्या चरीत जाणार. मामांनी नवं सील कव्हरमध्ये ठोकताना मुद्दाम दीड मिलिमीटर कमी आत ठेवलं, म्हणजे ओठ चरीच्या शेजारी पडेल. "टिकलं तर टिकलं," म्हणाले. हबच्या खाचेतला ओरखडा बारीक कानसीने साफ केला. नवी चावी हार्डवेअरच्या दुकानात मिळाली, चाळीस रुपये.

बसवतानाचं दृश्य मी मुद्दाम जवळून पाहिलं. मामांनी चावी खोबणीत ठेवली, पितळेच्या तुकड्यावरून दोन हलक्या टिचक्या. मग खिशातली सहा इंची पट्टी चावीच्या पाठीवर आडवी धरून ती शाफ्टला समांतर आहे का ते डोळा बारीक करून बघितलं. पुन्हा एक टिचकी. पुन्हा पट्टी. ऑइल थ्रोअरवर 'एफ' हे अक्षर असतं, ती बाजू बाहेर. कव्हर आधी सैल ठेवलं, हबला तेल लावून पुली सीलमधून आत नेली म्हणजे सील आपोआप हबच्या मध्यावर येतं, आणि मगच कव्हरचे बोल्ट आवळले. पुली नुसत्या हाताने ढकलली. चावीपाशी अडली. मी श्वास धरला. मामांनी रेटली नाही. मागे घेतली, चावी पट्टीने पुन्हा बघितली, पुढच्या टोकाला एक टिचकी कमी-जास्त केली आणि परत ढकलली. या वेळी ती आत गेली, आणि शेवटी ठोकळ्यावर ठोकळा बसावा तसा भरीव आवाज आला. मामांनी नट आवळून लॉक वॉशरची कड दुमडली तोवर मी व्हर्नियर घेऊन तयारच होते. क्रँकच्या टोकापासून हबच्या तोंडापर्यंतचं माप पुली काढायच्या आधी लिहून ठेवलं होतं. ते आता ४.१ ने बदललं होतं.

दोरा तिन्ही पुल्यांवरून सरळ गेला. बाबा व्हरांड्यातून काठी टेकत उतरून आले, स्वतः वाकून पाहिलं आणि काही न बोलता परत जाऊन बसले.

डोलणं पूर्ण गेलं नाही. गेजवर अजून ०.२५ दिसतं. हातोड्याने कड थोडी वाकली असावी. दुसरी पुली मिळाली तर बदलायची, नाहीतर टर्नर मुलगा म्हणाला आहे की लेथवर धरून बघू. बेल्टला तेवढं चालतंय. यवतेश्वराचा घाट चढून कासपर्यंत दोनदा जाऊन आले, पुण्याला तीनदा. एकूण अठराशे किलोमीटर झाले. परवा आल्टरनेटरच्या ब्रॅकेटवर पांढरा रुमाल फिरवला, तर नुसती रस्त्याची धूळ, तांबूस. बेल्टची दोन्ही अंगं सारखी मळकट. स्लोची खडखडही नाही. चौथा बेल्ट डिकीत आहे, कागदी वेष्टणासकट.

सीलचं मात्र मामांनी म्हटल्यासारखंच झालं. गाडीखाली मी एक पुठ्ठा टाकून ठेवलाय. पहिले पंधरा दिवस कोरा होता. सोळाव्या दिवशी सकाळी त्यावर तेलाचा एक थेंब होता. दुपारी कॉलेजातून आले तेव्हा बाबांनी त्याच्याभोवती पेन्सिलने गोल काढून शेजारी तारीख घातली होती.